कोळशाचे वारस

वारसा हा शब्द हल्ली फार सोपा झाला आहे. जुना वाडा हा वारसा, पैठणी हा वारसा, आणि सणावारी पुरणपोळी केली तर तोही वारसाच. शब्द उच्चारताच मान अभिमानाने ताठ व्हावी, एवढेच त्याचे काम उरले आहे. आमच्या आज्यापणज्यांच्या तोंडी तो निराळ्या अर्थाने येई. वारसा म्हणजे कचेरीत नोंदवायची बाब. त्यात जमीन येई, घर येई आणि पुष्कळदा कर्जही येई. विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या कारकिर्दीत कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पित्याचे ऋण पुत्राने आणि त्यामागे पौत्राने फेडावे, असे त्या परंपरेत स्पष्ट आहे. मद्य, द्यूत अशा कारणांसाठी केलेल्या कर्जाचे बंधन तेवढे त्यांच्यावर नाही. २००५ च्या कायदेदुरुस्तीने हे 'पवित्र कर्तव्य' न्यायालयांपुरते संपले. संपत्ती तेवढी घ्यावी आणि ऋण नाकारावे ही सोय कायद्याने आता दिली आहे. नीतीने ती दिली आहे काय, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला तो एका दगडी कोळशाच्या खाणीत. मुलाबाळांकडे विलायतेत गेलेले आमच्या मंडळातील आम्ही चौघे दक्षिण वेल्समधील ब्लेनॅव्हन या लहानशा गावी गेलो होतो. तेथील 'बिग पिट' ही खाण २ फेब्रुवारी १९८० रोजी बंद झाली, १९८३ मध्ये पाहुण्यांसाठी पुन्हा उघडली, आणि पुढे वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग झाली. भोवतालच्या खाणी, लोखंडाचा जुना कारखाना आणि कामगारांची वस्ती यांसह या सगळ्या परिसराला २००० साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. संग्रहालय म्हणजे काचेची कपाटे आणि त्यांत पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी ती येथे वरच ठेवून खाली उतरावे. वर ठेवण्याच्या वस्तूंत आणखीही पुष्कळ असते. घड्याळ, भ्रमणध्वनी, काडेपेटी, विजेरीवर चालणारी कोणतीही वस्तू, सारे काढून घेतात. कारण खाण बंद असली तरी खाणीचे नियम चालू आहेत. डोक्यावर टोप, टोपाला दिवा, कमरेच्या पट्ट्याला दिव्याची बॅटरी आणि विषारी वायूपासून वाचवणारे श्वसनयंत्र, एवढे ओझे घेऊन लोखंडी पिंजऱ्यात उभे राहायचे. पिंजरा सुमारे ३०० फूट खाली जातो. वाट दाखवणारे गृहस्थ स्वतः आयुष्यभर खाणीत राबलेले. ते जितक्या सहजपणे वाकून चालत होते तितक्या सहजपणे आम्हांस सरळही चालता येत नव्हते.

एके ठिकाणी त्यांनी सर्वांना दिवे मालवायला सांगितले. अंधार आपण पाहिलेला आहे असे आपण समजतो. वस्तुतः आपण पाहिलेला असतो तो कमी प्रकाश. येथे डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही, आणि थोड्याच क्षणांत तो हात आपलाच आहे की नाही याचीही शंका येऊ लागते. त्या काळोखात, एका लाकडी दाराशेजारी, त्यांनी आम्हांस त्या दारापाशी बसणाऱ्या मुलांची हकीकत सांगितली. खाणीतील हवा ठरलेल्या वाटेनेच खेळती राहावी म्हणून अशी दारे असत. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचे, गेली की बंद करायचे, हे काम पाच-सहा वर्षांच्या मुलांकडेही असे. दिवसाचे दहा-बारा तास आणि बहुधा अंधारातच, कारण मेणबत्तीला पैसे पडत. आमच्या चमूत एक लहान मुलगा होता. खाली येताना त्याची बडबड थांबत नव्हती. दिवे पुन्हा लागले तेव्हा तो आईच्या कोटाचे टोक धरून उभा होता.

ब्रिटनच्या संसदेने १८४२ मध्ये कायदा करून दहा वर्षांखालील मुलगे आणि सर्व वयाच्या स्त्रिया यांना भूगर्भातील कामाची मनाई केली. या कायद्याची कथा आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. चौकशी आयोगाच्या अहवालात चित्रे छापली होती. गाडीला साखळीने जुंपलेल्या, ओणव्याने रांगणाऱ्या मुली त्यांत होत्या. ती पाहून सभ्य समाज हादरला. परंतु त्या हादऱ्यात दयेइतकाच, किंबहुना कित्येकांच्या बाबतीत दयेहून अधिक, संकोचाचा भाग होता. मुली कंबरेपर्यंत उघड्या असत आणि पुरुषांशेजारी काम करीत, हे असह्य वाटले. स्त्रियांना खाणीतून बाहेर काढले. त्यांच्या हातची मजुरी गेली, तिच्या जागी काय येणार याची चिंता कायद्याने केली नाही. पुष्कळजणी खाणीच्या तोंडावर दगड वेचण्याच्या कामाला लागल्या. आपल्याकडेही हाच खेळ झाला. हिंदुस्थानातील खाणींत नवराबायको जोडीने काम करीत. १९२९ पासून स्त्रियांवर निर्बंध येऊ लागले. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ते उठवले, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पुन्हा लादले. स्त्रीची अब्रू आणि प्रकृती यांची काळजी कोळशाच्या गरजेप्रमाणे कमीजास्त होत गेली. २०१९ मध्ये काही अटींवर स्त्रियांना भूगर्भात कामाची परवानगी मिळाली. दया आणि न्याय या दोन वस्तू एक नव्हेत, हे इतके उघडपणे क्वचितच दिसते.

वर आल्यावर आमच्यात वाद झाला. खाणकामगारांसाठी १९३९ मध्ये बांधलेल्या स्नानगृहाच्या इमारतीतच आता उपाहारगृह आहे. तेथे चहा घेता घेता आमच्यातील एकांनी आक्षेप घेतला: माणसांच्या यातनांची ही जत्रा आहे. जेथे लोक गुदमरून मेले तेथे आपण टोप घालून छायाचित्रे काढतो आणि नंतर केक खातो. आक्षेप खोटा नव्हता. दुसऱ्यांचे म्हणणे असे की न दाखवले तर विसरले जाईल, आणि विस्मरण हा दुसरा मृत्यू आहे. हेही खोटे नव्हते. मात्र हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की त्यावर विसंबून राहण्याची आता भीती वाटते. स्मरण केले म्हणजे फेड झाली, असा समज त्यातून बळावतो.

आमच्या मते 'बिग पिट'ला जत्रा होण्यापासून वाचवले आहे ते तेथे बोलणाऱ्या माणसांनी. ते दुःख विकत नाहीत, कारण ते केवळ दुःख म्हणून त्यांना आठवतच नाही. ते घोड्यांबद्दल प्रेमाने बोलतात. खाली तबेले आहेत आणि घोड्यांच्या नावांच्या पाट्या अजून तेथे आहेत. ते विनोद करतात. आणि खाण बंद झाल्याचे त्यांना वाईट वाटते, हे ते लपवत नाहीत. बाहेरच्या माणसाला हे कोडे वाटते. मुलाने खाणीत उतरू नये म्हणून राबणारा बाप आणि १९८४-८५ च्या संपात खाणी बंद होऊ नयेत म्हणून वर्षभर हालअपेष्टा सोसणारा बाप, हे दोघे एकच होते. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. काम वाईट होते, पण त्या कामाभोवती उभे राहिलेले जग त्यांनी स्वतः उभे केले होते. ब्लेनॅव्हनमध्येच कामगारांच्या सभागृहाची भव्य इमारत आहे. ती १८९५ सालची, कामगारांच्या आठवड्याच्या वर्गणीतून बांधलेली, आणि तीत ग्रंथालय होते. वर्गणी गोळा करताना दमछाक होणाऱ्या आमच्यासारख्या मंडळांनी तिच्यापुढे घटकाभर उभे राहावे. जवळच्याच ट्रेडेगार गावी अन्युरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरला आणि तशाच एका ग्रंथालयात वाचून शहाणा झाला. त्या गावी कामगार मजुरीतून थोडे पैसे देऊन सर्वांसाठी डॉक्टर ठेवीत. त्याच कल्पनेतून १९४८ मध्ये, बेव्हन आरोग्यमंत्री असताना, साऱ्या ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा उभी राहिली. वारशाची जमेची बाजू लिहायची तर ही आहे. मालकांनी ठेवलेले यात काही नाही.

खर्चाची बाजूही लिहिलीच पाहिजे. १९१३ हे वेल्सच्या कोळशाचे सर्वांत भरभराटीचे वर्ष. उत्पादन ५ कोटी ७० लाख टनांच्या घरात होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला सेंगेनिथ येथे स्फोट होऊन ४३९ कामगार मेले, आणि बचावाला उतरलेला आणखी एक. सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल खाणीच्या व्यवस्थापकास २४ पौंड आणि कंपनीस १० पौंड दंड झाला. यावर आम्ही भाष्य करीत नाही.

आता कोणी म्हणेल, वेल्सच्या खाणींशी इंदूर-बडोद्याच्या मराठी माणसाचा काय संबंध? संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात जो विलायती कोळसा उतरे त्यात दक्षिण वेल्सचाही असे. आगबोटी त्यावर चालत, आणि ज्या आगगाड्यांनी आमची घराणी माहेरी-सासरी, लग्नामुंजीला आणि काशीयात्रेला गेली त्यांच्या इंजिनांतही तो पडे. पुढे देशी कोळसा आला. वरोरा म्हटले की आज आनंदवन आठवते, पण आनंदवनाच्या कितीतरी आधी तेथे सरकारी खाण होती. ती १९०६ मध्ये बंद झाली. हैदराबादकरांना सिंगरेणी परकी नाही. येल्लंदूजवळ १८८९ मध्ये खाणकाम सुरू झाले आणि निजामाच्या राज्याची चाके त्या कोळशावर फिरली. छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली येथे डिसेंबर १९५४ मध्ये खाणीत पाणी शिरून साठाहून अधिक माणसे बुडाली. नागपूर-जबलपूरच्या जुन्या मंडळींपैकी किती जणांना ते नाव आठवते? चासनाला थोडेफार आठवते. २७ डिसेंबर १९७५ ला तेथे साडेतीनशेहून अधिक माणसे बुडाली. पण ते स्मरण राहिले आहे एका चित्रपटामुळे.

आमच्या संस्था शतकोत्तर झाल्या. त्यांच्या स्मरणिकांत दिवाण आहेत, सरदार आहेत, सरसुभे आहेत, गायनाचार्य आहेत. वाड्याच्या परसात कोळशाची पोती उतरवणारा कोणी नाही. आमच्या भाषेत कोळसा हा शब्द तरी कसा आला आहे? उगाळावा तितका काळाच. आयुष्याचा कोळसा झाला. हिरा शोधायला गेलो आणि कोळसा मिळाला. ज्याच्यावर दिवे लागले आणि गिरण्या चालल्या, त्याच्याविषयी भाषेने एक चांगला शब्द राखून ठेवला नाही. जे जळते ते तुच्छ आणि जे उजळते ते वंद्य, ही वाटणी आम्ही वस्तूंच्याच नव्हे, माणसांच्या बाबतीतही करीत आलो. हे आमच्या पूर्वजांवर दोषारोप करण्यासाठी लिहीत नाही. तलवार आणि सनद यांचे वारस म्हणवून घेणाऱ्यांनी वहीचे उरलेले पानही उलटावे, एवढेच म्हणणे आहे.

ब्रिटनमधील शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली आणि कोळशावरील शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला थंड झाले. त्यांचा कोळसा आता खरोखरच संग्रहालयात गेला आहे. त्याचा धूर मात्र सर्वांच्या आकाशात आहे. आपल्या देशात २०२४-२५ या वर्षात कोळशाच्या उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. ज्या दिव्याखाली हे टिपण लिहीत आहोत त्याची वीजही बहुधा कोळशाचीच. झरिया येथे जमिनीखालची आग १९१६ पासून धुमसत आहे आणि तिच्या आसपास माणसे राहतात. आपल्याकडे कोळसा वारसा व्हायला अजून अवकाश आहे. तो अद्याप चालू खाते आहे, आणि चालू खात्याची फेड अंधारातील दार पाहून हळहळणाऱ्या पाहुण्यांकडून होत नाही. ती मजुरीत, छाताच्या आधारांत, फुप्फुसांच्या तपासणीत आणि विस्थापितांच्या घरांत होते, किंवा होत नाही.

ऋण फेडले जाते तेव्हा ते कसे फेडले जाते, याचे एक उदाहरण वेल्समध्येच आहे. ब्लेनॅव्हनपासून फार दूर नसलेल्या ॲबरव्हॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर घसरला आणि शाळा गाडली गेली. ११६ मुले आणि २८ प्रौढ मेले. जगभरातून मदतनिधी आला. गावावर टांगून राहिलेले बाकीचे ढीग हलवण्याचा खर्च खाणींच्या सरकारी मंडळाने करायचा, तर त्यासाठी त्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेण्यात आले. ते पैसे १९९७ मध्ये परत मिळाले, व्याजाशिवाय. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी वीस लाख पौंड दिले. त्या वर्षी ती मुले जिवंत असती तर पन्नाशीच्या आसपास असती.