गरी टाकण्याआधीचा प्रश्न

मुंबईजवळच्या सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पूर्वीचे राजे करमणुकीच्या सफरींवर निघत, तिथे शिकार आणि तसलेच इतर खेळ चालत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण ते सोडले आणि धर्मासाठी प्रवास सुरू केला, असा त्या लेखाचा आशय आहे. आज त्याच किनाऱ्यावर, वसईपासून अलिबाग-मुरूड आणि खाली मालवणापर्यंत, सुट्टीच्या दिवशी चार मित्र मिळून एखादी होडी ठरवतात, रॉड, रीळ आणि बर्फाची पेटी घेऊन पहाटे गरवायला निघतात. काही जण मिळालेला मासा घरी नेऊन खातात. काही जण तो धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात, आणि या सोडण्यात दया आहे असे मनापासून मानतात. मला हे पटत नाही. खाण्यासाठी मासा मारणाऱ्यापाशी आपल्या कृत्याचे काहीतरी कारण असते. सोडून देण्यासाठीच मासा धरणाऱ्यापाशी ते नसते, आणि म्हणून त्याची बाजू दिसते त्यापेक्षा बरीच कच्ची आहे.

अशोकाच्या लेखांतला एक फरक इथे लक्षात घ्यायला हवा. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, त्यातही हरीण रोज नाही, आणि पुढे हेही थांबेल. पाचव्या स्तंभलेखात अभय दिलेल्या प्राण्यांच्या यादीत काही जातींचे मासे आहेत, शिवाय काही ठरावीक तिथींना मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत असा नियम आहे. पोटासाठी होणाऱ्या हत्येला त्याने असा बेताबेताने, सवलती ठेवत आवर घातला. करमणुकीच्या शिकारीला मात्र त्याने सवलत ठेवल्याचे दिसत नाही. जीव दोन्हीकडे जातो हे त्याला ठाऊक होते, तरी दोन्हींना त्याने एकच माप लावले नाही. हीच जाण इतरत्रही दिसते. इस्लाममध्ये हजच्या इहरामात जमिनीवरची शिकार वर्ज्य आणि समुद्रातली चालते, पण जिवंत प्राण्याला नुसते नेमबाजीचे लक्ष्य करायला प्रेषितांनी मनाई केल्याचे हदीस सांगते. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे मासाही आला. आणि त्या कायद्याने अन्नासाठी मारण्याला सूट दिली आहे ती विनाकारण यातना होणार नाहीत या अटीवर. करमणुकीचे नाव त्या सवलतीत नाही.

महाभारताच्या अनुशासनपर्वात या प्रश्नावरची मला सर्वांत मोलाची वाटणारी कथा आहे. च्यवन ऋषी गंगा-यमुनेच्या संगमात बारा वर्षे पाण्याखाली राहिले. मासे त्यांना बुजेनासे झाले. एक दिवस कोळ्यांनी जाळे ओढले तेव्हा माशांबरोबर अंगावर शेवाळ आणि शंख चिकटलेले ऋषीही वर आले. कोरड्यावर तडफडणारे मासे पाहून ते कळवळले. कोळी घाबरून पायांवर पडले, तेव्हा ऋषींनी एवढेच सांगितले की इतकी वर्षे ज्यांच्या सोबतीने राहिलो त्यांना आता सोडणार नाही, त्यांच्याबरोबर विकला जाईन नाहीतर मरेन. नहुष राजाने हजारांपासून अख्ख्या राज्यापर्यंत किंमत देऊ केली, ती त्यांना मान्य झाली नाही, आणि शेवटी एका गायीवर व्यवहार ठरला. कोळ्यांनी ती गाय ऋषींनाच देऊ केली, त्यांनी ती घेतली, आणि त्यांच्या आशीर्वादाने कोळी आणि मासे दोघेही स्वर्गाला गेले. महाभारतातले ऋषी शाप द्यायला फारसा वेळ लावत नाहीत. इथे मात्र शाप नाही. कथाकाराने माशांची तडफड खोटी ठरवली नाही आणि कोळ्यांना पापीही ठरवले नाही. वेदना खरी आहे आणि पोटही खरे आहे, हे दोन्ही त्याने एकाच वेळी धरून ठेवले. आता या कथेत कोळ्यांच्या जागी हौसेने आलेले चौघे कल्पावेत, ज्यांना मासा नको आहे, फक्त त्याचे ओढले जाणे हवे आहे. ऋषींसमोर ते काय म्हणतील? कोळ्यांच्या बाजूने निदान त्यांचे पोट उभे राहते.

हौस नेमकी कशाची असते हे जवळून पाहिल्याशिवाय हा युक्तिवाद पुढे सरकत नाही. हातगरीने गरवणारा माणूस शिसे तळाला टेकले की तंगूस तर्जनीवर घेऊन बसतो. आधी बारीक टोचल्यासारखे दोन-तीन झटके येतात, मासा आमिषाची कोळंबी चाचपत असतो. मग एकदम ओढ बसते, माणूस मनगटाने हिसका देतो, गरी जबड्यात रुतते, आणि बोटावरून तंगूस सळसळत जाऊ लागते. गरवणाऱ्या कोणालाही विचारा, याच क्षणासाठी तो आलेला असतो. रॉड-रीळवाल्याला तर हा क्षण लांबवायचा असतो. बारीक दोऱ्यावर मोठा मासा दमवून आणणे हे त्याच्या लेखी कसब आहे. पण तो क्षण म्हणजे माशाच्या बाजूने काय आहे? जीव वाचवण्याची सगळी ताकद लावून चाललेली धडपड. खाणाऱ्याच्या दृष्टीने ही धडपड मधला टप्पा आहे, जितकी लवकर संपेल तितकी बरी. सोडून देणाऱ्याचा आनंद त्या धडपडीतच आहे. ती काढून टाकली तर त्याच्या हातात काही उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की माशाला वेदना होते हेच कशावरून? लीन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशांवर केलेले काम या वादाच्या मध्यभागी आहे. इजा ओळखणारे मज्जातंतू माशाच्या तोंडाभोवती, म्हणजे नेमके जिथे गरी रुतते तिथे, त्यांना आढळले. ओठांत आम्ल टोचलेल्या माशांनी खाणे बराच वेळ टाकले, काहींनी ओठ तळाच्या खडीवर घासले. पुढच्या प्रयोगांत मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले. जेम्स रोझ आणि नंतर ब्रायन की यांनी याला विरोध केला. त्यांचे म्हणणे, सस्तन प्राण्यांसारखे मेंदूचे बाह्यक माशाला नाही, तेव्हा ही नुसती प्रतिक्रिया आहे, जाणीव नव्हे. मला हा विरोध अपुरा वाटतो, कारण तशी रचना पक्ष्यांच्या मेंदूतही नाही आणि कावळ्याला दुखते हे आपण नाकारत नाही. तरीही प्रश्न पूर्ण मिटला आहे असा दावा मी करणार नाही. २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात अनेक शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी इतकेच म्हटले की सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत, म्हणजे माशांतही, जाणीव असण्याची वास्तव शक्यता आहे. माझ्या युक्तिवादाला एवढे पुरते. शंका आहे तोवर त्या शंकेची किंमत कोणी भरायची, एवढेच ठरवायचे आहे, आणि करमणुकीसाठी ती माशाने भरावी असे म्हणायला मला आधार सापडत नाही.

दुसरा आक्षेप सर्वांत जोरकस आहे. माशाच्या जागी राहून पाहा, असे तो म्हणतो: सोडलेला मासा जगतो, खाल्लेला मरतो, मग दयाळू कोण? गरीला लागलेल्या एका माशापुरते पाहिले तर हे खरे आहे. त्या घडीला सोडणे त्याच्यासाठी बरेच. पण सोडलेले सगळे जगतात असे मात्र नाही. यावरच्या अनेक अभ्यासांचा २००५ मध्ये आढावा घेतला गेला तेव्हा सोडल्यानंतर मरणाऱ्यांचे सरासरी प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आले. जातीप्रमाणे, खोलीप्रमाणे, गरी कुठे रुतली त्याप्रमाणे ते खूप बदलते. आपल्याकडे खडपात गरवताना लागणारे तांबोसा, गोबरा हे मासे खोलवरून झपाट्याने वर ओढले की पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे बाहेर लोटले जातात. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. पाण्यावर आडवा तरंगतो आणि घारी-कुरवांच्या तोंडी पडतो. पण टक्केवारी बाजूला ठेवली तरी या आक्षेपाची खरी अडचण वेगळीच आहे. मासा गरीला लागल्यावर काय करावे, याचे उत्तर तो देतो. नैतिक प्रश्न त्याच्या आधी, गरी पाण्यात टाकताना उभा राहतो. सोडायचेच आहे हे आधीपासून ठरले असेल तर मुळात टाकली कशाला? शिवाय खाणाऱ्याला कुठेतरी थांबावे लागते; चार घरांच्या कालवणापुरते झाले की होडी वळते. सोडणाऱ्याला असा थांबा नाही. तो दिवसभर धरत राहू शकतो, आणि प्रत्येक माशागणिक आपण दया केली असे समजू शकतो. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीने सोडून देण्याच्या हेतूने मासे धरायला मनाई केली, ती मला याच कारणाने तर्कशुद्ध वाटते. लहान मासा सोडणे ही निराळी गोष्ट आहे. महाराष्ट्रात काही जातींसाठी किमान लांबी ठरवलेली आहे, आणि त्याहून लहान पिल्लू लागले तर ते हलक्या हाताने सोडणे कर्तव्यच आहे. तिथे धरण्याचा हेतू खाण्याचा होता, चुकून भलता जीव हाती आला.

मासा हे निमित्त, खरा लाभ मित्रांची संगत, समुद्राचा एकांत, मनाची स्थिरता, असेही म्हटले जाते. आयझॅक वॉल्टनने १६५३ मध्ये गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले तेच तिला चिंतनशील माणसाचा विरंगुळा ठरवून. हा लाभ खोटा नाही. डोलणाऱ्या अरुंद होडीत तासन्‌तास बसलेले मित्र एकमेकांना जसे भेटतात तसे शहरात भेटत नाहीत. एकाने नांगर सांभाळायचा, दुसऱ्याने आमिष लावायचे, तिसऱ्याला उलट्या होत असतील तर सगळ्यांनी त्याच्याकडे पाहायचे. पण यातल्या कोणत्या गोष्टीला माशाच्या जबड्यातली गरी लागते? संगत गरीशिवायही मिळते. आणि गरीशिवाय मजा नाही असे उत्तर आले, तर मासा निमित्त नव्हता हे मान्य झाले.

उलट बाजूने येणारा आक्षेप जैन परंपरेचा आहे, आणि तो मी खोडू शकत नाही. गृहस्थाच्या हातून शेतीत, स्वयंपाकात, धंद्यात होणारी हिंसा आणि ठरवून केलेली संकल्पी हिंसा यांत जैन आचार फरक करतो. मासा मारणे, मग ते खाण्यासाठी का असेना, संकल्पीच. ज्याला डाळभातावर उत्तम जगता येते त्याने ‘पोटासाठी’ म्हणू नये, तो जिभेसाठी मारतो, हे म्हणणे रास्त आहे, आणि जो मासा खातच नाही तो या प्रश्नात माझ्या वरच्या पायरीवर उभा आहे. पण वरची पायरी आहे म्हणून खालच्या सगळ्या सारख्या होत नाहीत. बाजारातून सुरमईची तुकडी आणणारा आणि ती स्वतः गरवून आणणारा यांत मला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो. वनपर्वातला धर्मव्याध मांस विकतो, पण आपण स्वतः मारत नाही असे आवर्जून सांगतो. त्याच्या बाकीच्या उपदेशाबद्दल मला आदर आहे, शेतकऱ्याच्या नांगराखालीही जीव मरतात हे त्याचे निरीक्षण अचूक आहे, मात्र या एका मुद्द्यावर मी त्याच्यापासून वेगळा होतो. मारणे दुसऱ्याच्या हाती सोपवल्याने ते आपले राहत नाही, असे मला वाटत नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात दाबून, गुदमरून मेलेला मासा ताटात आला तरी तो आपल्याच ताटात येतो, आणि त्याच्यासोबत वर आलेले नको असलेले जीव कोणाच्याच ताटात येत नाहीत.

इतक्या मोठ्या उपशापुढे चार मित्रांच्या होडीचा हिशेब कशाला, असे कोणी विचारील. समुद्राच्या दृष्टीने तो खरोखर नगण्य आहे. पण मी समुद्राचा नाही, माणसाच्या कृतीचा हिशेब मांडतो आहे. या किनाऱ्यावरचे कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढून थांबतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, त्यात वादळाची भीती आहे, विणीचा काळ आहे, सरकारी बंदीही आहे. पण त्यात एक कबुलीही आहे: आपण घेतो ते दुसऱ्याचे आहे आणि घेण्याला हद्द आहे. हौशी माणसाला ही हद्द ना हवामान घालून देते ना घरखर्च. ती त्याला स्वतःच, किनाऱ्यावर असतानाच, मित्रांशी बोलून ठरवावी लागते: किती मासे न्यायचे, कोणत्या आकाराखालचे नाही, आणि ते मारायचे कसे. शेवटचा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. बहुतेक होड्यांवर मासा टोपलीत टाकला जातो आणि गप्पा पुढे चालू राहतात. तो बराच वेळ कल्ले उघडझाप करत गुदमरतो. बर्फात टाकले तर मरण लवकर येते असेही नाही. डोळ्यांच्या किंचित मागे डोक्यावर एक नेमका जड फटका, किंवा जपानी कोळी करतात तसे टोकदार सळईने मेंदू भेदणे, याला काही सेकंद लागतात. त्यासाठी हातात लाकडी दंडुका हवा आणि मासा वर आल्या आल्या फोटो बाजूला ठेवून ते काम करण्याची तयारी हवी. अन्नाचे कारण पुढे करणाऱ्यावर हे बंधन त्याच कारणाने येते. चौघांतल्या ज्याला ते करवत नाही त्याने गरी टाकू नये. होडी वल्हवायला आणि कालवण खायलाही बाकीचे त्याला बरोबर घेतील.