पकड आणि तिचे कारण

चंद्रपूर-गडचिरोली हा सागवानाचा मुलूख. आलापल्ली आणि बल्लारपूर ही नावे लाकडाच्या व्यापारात दूरवर ओळखली जातात. अशा मुलखात लेथवर लाकूड कातणाऱ्या कारागिरापुढे पहिला प्रश्न धारेचा नसतो, धरण्याचा असतो. लाटणे किंवा पाळण्याचा खांब दोन टोकांमध्ये धरता येतो. परंतु वाटीचे किंवा मेणबत्तीदाणीच्या बैठकीचे एक तोंड मोकळेच हवे. लोखंडी चक महाग असतो, शिवाय त्याचे जबडे लाकडावर वण उठवतात. म्हणून कारागीर स्वतःच पकड घडवतो. टाकाऊ लाकडाचा ठोकळा फेसप्लेटला स्क्रूने बसवायचा, तो फिरता ठेवून त्यात वस्तूच्या मापाची, आत किंचित निमुळती होत जाणारी खोबण कातायची आणि वस्तू तीत दाबून बसवायची. खोबण त्याच लेथवर कातलेली असल्याने मध्य आपोआप जुळतो. येथे जबरदस्ती नाही. वस्तूला धरून ठेवते ते माप.

एका मे महिन्यात या भागातील एका लहानशा शेडमध्ये मी बसलो होतो. चंद्रपूरचा पारा त्या दिवसांत ४५ अंशांच्या पुढे जातो. शिकाऊ मुलाने उस्तादांनी पावसाळ्यात केलेली खोबण काढली, तीत वाटी बसवली आणि लेथ सुरू केला. क्षणार्धात वाटी उडाली व मुलाच्या भुवईवर आदळली. डोळा थोडक्यात वाचला. लाकूड वाळताना तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. गोल खोबण लंबगोल झाली होती. वाटी सर्व बाजूंनी न धरता दोनच ठिकाणी धरली गेली होती. जखमेवर फडके दाबीत उस्ताद म्हणाले, "चूक याची नाही. मी पकड दिली, कारण दिलं नाही."

या वाक्याने मला विचारात पाडले. साधन दिले म्हणजे आपले कर्तव्य संपते काय? कोणी म्हणेल, प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीचे कारण जाणावे हा आग्रह व्यवहार्य नाही. औषधाचे रसायन न जाणताच रोगी ते घेतो. हा आक्षेप खरा आहे. परंतु रोग्याशेजारी जाणकार उभा असतो. ज्याला एकट्याने साधन चालवायचे आहे आणि ज्याच्या डोळ्यावर त्याचा धोका आहे, त्याला त्याचे कारण सांगणे हा उपकार नव्हे. ते त्याचे देणे आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयीच्या आपल्या परिपत्रकात श्रमाचे दोन पैलू वेगळे केले: एक तंत्राचा, दुसरा श्रम करणाऱ्या व्यक्तीचा. तंत्र माणसाचे साहाय्यक आहे; पण माणूस त्याच्या ताब्यात गेला की ते त्याच्यावर उलटते. कारण न कळता पकड वापरणारा मुलगा तिचाच एक भाग होऊन जातो. ज्याला कारण कळले, तो ऋतू पाहून नवी पकड कातू शकतो. तोच श्रमाचा धनी.

आपल्या घरांत आणि धर्मग्रामांतही हेच घडते. आपण मुलांच्या हाती नियम देतो. ते आपल्या पावसाळ्यात, आपल्या मापाने कातलेले असतात. त्यांच्या उन्हाळ्यात ते सैल झाले की आपण मुलांना उद्धट म्हणतो. तो नियम कशासाठी होता, हे मात्र आपण सांगितलेले नसते. कधीकधी आपल्यालाही ते आठवत नसते. नाझरेथच्या कार्यशाळेत योसेफाने येशूला काय शिकवले, याबद्दल शुभवर्तमान मौन बाळगते. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन एवढेच सांगतात की, येशूने नांगर आणि जू घडवले. पण बैलाच्या खांद्याला न काचणारे जू करायचे तर माप हवे, आणि मापामागे खांद्याची जाणीव हवी. योसेफाने ती जाणीव दिली असेल, असे मानायला मला आवडते.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी जुना ठोकळा चुलीत घातला. नवी खोबण त्यांनी मुलाकडूनच कातून घेतली; वाटी बसवल्यावर लेथ आधी हाताने फिरवून पाहायला आणि मग बाजूला उभे राहून सुरू करायला लावला. प्रत्येक पायरीला ते एकच प्रश्न विचारत होते: "का?" मुलाचे उत्तर येईपर्यंत ते थांबत होते. त्या दिवशी काम थोडे झाले.