सेवेचे मोल आणि सेवकाचा निर्वाह

सेवा विनामूल्यच असली पाहिजे, असा आपल्या मनावर दृढ संस्कार आहे. सेवेबद्दल पैसे घेतले की ती चाकरी झाली, असे आपण सहज म्हणून जातो. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यापाड्यांत किंवा झोपडपट्टीत काम करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मानधन द्यावे काय, असे कोणी विचारले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. प्रश्न वरकरणी हिशेबाचा दिसतो. परंतु सेवा म्हणजे नेमके काय, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

या बाबतीत दोन वाटा पूर्वीच चोखाळल्या गेल्या आहेत. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, आपल्या देशात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत होते. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर हे तिचे स्वरूप. तेथे विद्यार्थ्याला वेतन नाही. शिबिराचा खर्च तेवढा योजना उचलते. अमेरिकेने निराळी वाट धरली. १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यातून तेथे स्वयंसेवकांचे एक राष्ट्रीय दल उभे राहिले. या स्वयंसेवकांनी गरीब वस्तीतच राहावे आणि तेथे साधेपणाने जगता येईल एवढा भत्ता घ्यावा, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे याच दलात केवळ उन्हाळ्यापुरत्या जागाही निघाल्या.

पैशाला घेतला जाणारा आक्षेप पोकळ नाही. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्राएलमधील शालेय विद्यार्थी दारोदार जाऊन समाजकार्यासाठी देणग्या गोळा करीत. काहींना केवळ कार्याचे महत्त्व सांगितले, काहींना जमलेल्या रकमेच्या एक टक्का, तर काहींना दहा टक्के मोबदला देऊ केला. सर्वांत अधिक रक्कम आणली ती मोबदला न घेणाऱ्यांनी आणि सर्वांत कमी आणली एक टक्का मिळणाऱ्यांनी. याचा अर्थ मला असा दिसतो की, मोबदला कामाला बळ देतो तसे त्याचे नावही पालटतो. जे दान होते, त्याचा व्यवहार होतो आणि मग माणूस व्यवहाराच्या तराजूनेच आपले श्रम तोलू लागतो.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. विनामूल्य सेवा खरोखर विनामूल्य असते काय? सुटीचे दोन महिने फुकट काम करणाऱ्या मुलाच्या जेवणाचे, प्रवासाचे आणि पुढील वर्षाच्या फीचे पैसे कोणी तरी भरतच असतो, बहुधा त्याचे वडील. ज्या मुलीला मे महिन्यात दुकानात उभे राहून स्वतःची फी जमवावी लागते, तिने सेवेला यावे कसे? तिच्या मनात करुणा कमी आहे असे नव्हे. तिच्यापाशी सुटीच नाही. अशा वेळी ‘सेवा विनामूल्यच हवी’ हा नियम नकळत सांगतो की, सुखवस्तूंनी नित्य सेवा करावी आणि गरिबांनी नित्य ती स्वीकारावी. देण्याचा मानही असा एकाच वर्गाच्या वाट्याला जात असेल, तर त्या सेवेत न्याय उरत नाही.

ही कोंडी फोडण्यास संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. पवित्र गोष्टींची किंमत घेणे हे पाप आहे, मात्र त्या कार्यात गुंतलेल्या माणसाने आपल्या निर्वाहापुरते घेणे उचित आहे, असे ते मानतात. किंमत कामाची असते, निर्वाह माणसाचा असतो. संत पौलानेही निर्वाहाचा हक्क आधी ठामपणे मांडला आणि मगच तो स्वतःपुरता सोडला. आपला हक्क सोडणे हा त्याग होय. दुसऱ्याने आपला हक्क सोडावा असा आग्रह धरणे हा त्याग नव्हे.

तथापि, या सर्व चर्चेत आपले लक्ष सेवकाकडेच लागून राहते. ज्याची सेवा करावयाची, त्याचे काय? २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोत इव्हान इलिच या धर्मगुरूंनी उन्हाळी सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना हाच प्रश्न परखडपणे विचारला. पाहायला या, शिकायला या, पण मदतीला येऊ नका. काम करायचेच असेल तर जेथील माणसे तुम्हांला तोंडावर ‘नको’ म्हणू शकतील तेथे करा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्यावर केलेला उपकार ही एक प्रकारची सत्ताच असते.

आपल्याकडे याचा कस श्रमदानाच्या वेळी लागतो. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून अंगमेहनतीच्या कामाला मजुरीचा हक्क दिला. गावातील मजूर कामाच्या शोधात असताना विद्यार्थ्याला भत्ता देऊन त्याच गावात चर खणवून घेणे म्हणजे मजुराच्या ताटातील घास उचलणे होय. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, मागे पडलेल्या मुलाला वाचायला शिकवणे, आजोबांसोबत सरकारी कचेरीत जाऊन बसणे, ही कामे कोणाची मजुरी बुडवीत नाहीत.

तेव्हा माझ्या मते, भत्ता जरूर द्यावा. तो आधी ठरलेला, सर्वांना सारखा आणि गरीब विद्यार्थ्याची बुडणारी कमाई भरून काढील इतका असावा. ज्याला गरज नाही, त्याला तो सोडण्याची मुभा असावी, पण त्या सोडण्याचा गाजावाजा नसावा. २०१८ च्या स्वच्छ भारत उन्हाळी उपक्रमात १०० तासांच्या कामासाठी अभ्यासक्रमाचे गुणांक आणि उत्तम काम करणाऱ्यांना रोख पारितोषिकेही होती. गुणांकांबद्दल माझी तक्रार नाही. पारितोषिकांबद्दल मात्र आहे. निर्वाह माणसाला सेवेसाठी मोकळे करतो. पारितोषिक त्याला शेजाऱ्याशी स्पर्धा करायला लावते. कोणते काम करावयाचे, हे गावाने ठरवावे. आणि सुटी संपल्यावर हे विद्यार्थी पुढील वर्षी पुन्हा हवेत काय, हेही गावालाच विचारावे. उत्तर ‘नको’ असे आले, तर ते ऐकून घेणे हाही त्या सेवेचाच भाग आहे.