लॉटरी लागली

डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. "मामा, लॉटरी लागली!"

"अरे वा! किती मिळाले?"

"मिळाले कुठले, गेले. कार्डावरून चारशेच्या वर डॉलर कापले."

लॉटरी लागली म्हणून पैसे भरायचे, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. कोलोरॅडोतल्या लेडव्हिल गावात दर ऑगस्टमध्ये माउंटन बाइकची शर्यत होते. अंतर शंभर मैल, खरं तर थोडं जास्तच. गाव ३,१०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. तिथून आणखी वर, ३,८०० मीटरच्या आसपास एका जुन्या खाणीपर्यंत चढायचं आणि आल्या वाटेनं परतायचं. बारा तासांच्या आत आलात तर कंबरपट्ट्याचं बक्कल मिळतं. त्या बक्कलासाठी इतके अर्ज येतात की नावांची सोडत काढावी लागते.

आणि फी म्हणजे नुसती भवानी. पुढे नवे टायर, चेन, ब्रेक पॅड, शर्यतीच्या आठवड्यात चढ्या भावाची खोली. भाच्यानं बायकोला एकूण आकडा अजून सांगितलेला नाही. मीही विचारला नाही.

तासावर भाड्यानं सायकल आणून वाढलेली माझी पिढी. "सायकल आपली, पाय आपले, डोंगर देवाचा, मग पैसे कसले?" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण नंतर त्या गावाची गोष्ट वाचली आणि गप्प बसलो.

लेडव्हिलजवळ क्लायमॅक्स नावाची मॉलिब्डेनमची खाण. पोलाद टणक करायला लागतो तो हा धातू. १९८२ साली खाण बंद पडली, हजारो कामगार घरी बसले आणि बघता बघता गाव ओस पडायला लागलं. त्या घरी बसलेल्यांतला एक केन क्लाउबर. डोंगरातून शंभर मैल पळायची शर्यत भरवायचं त्यानं मनावर घेतलं. १९८३ साली पहिली शर्यत झाली. सायकलींची त्यानंतर, १९९४ पासून. आता शंभरच मैल का? कारण तेवढं अंतर तोडून आलेला माणूस त्याच रात्री गाडी हाकत घरी जाऊ शकत नाही. तो मुक्काम करणार, जेवणार, सकाळी पुन्हा चहाकॉफी घेणार. म्हणजे खर्च हा त्या शर्यतीला मागाहून चिकटलेला रोग नव्हे. परक्यानं यावं आणि इथं खिसा हलका करून जावं, यासाठीच तर ती जन्माला आली. आपल्या जत्रांचं गणित याहून फार वेगळं नसतं. देव निराळा, इतकंच.

२०१० मध्ये ही शर्यत लाइफ टाइम या व्यायामशाळा चालवणाऱ्या कंपनीनं विकत घेतली. तेव्हापासून खिसा आधी कंपनीच्या खिडकीवर हलका होतो, मग गावात. अँब्युलन्स, वाटेवरचं खाणंपिणं, वळणावळणावर उभी माणसं, जंगलातून जायचे परवाने, यातलं काही फुकट होत नाही, हे कबूल. पण १९८२ साली घरी बसवलेल्या त्या खाणकामगाराला आजची फी परवडली असती का? माझ्या हिशेबात तरी नाही.

"मग फुकटातली एखादी शर्यत धर की," मी भाच्याला म्हटलं.

"आहे ना. टूर डिव्हाइड."

कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, सुमारे ४,४०० किलोमीटर. फी शून्य, बक्षीसही शून्य. डॉक्टर नाही, पाण्याचं टेबल नाही. वाटेतल्या दुकानात कुणालाही मिळेल तेच घ्यायचं, कुठेही पाठ टेकायची आणि पुन्हा सायकलवर बसायचं. बऱ्यापैकी तयारीच्या माणसालाही तीनेक आठवडे लागतात.

"आणि तीन आठवड्यांची रजा कोण देणार, मामा? बिनपगारी काढली तर तेवढ्यात लेडव्हिलची फी दहा वेळा भरून होईल."

मग त्यानं त्या शेवटाचा कुणीतरी काढलेला फोटो पाठवला. मेक्सिकोच्या सीमेवरची एकाकी चौकी, कुंपण, एक पाटी, चहूकडे माळ. पाटीला चिखलानं माखलेली सायकल टेकवलेली. ना कमान, ना टाळ्या. बक्कल द्यायला तर कुणीच नाही. जवळची वस्ती सत्तरेक किलोमीटरवर.

"तिथून परत कसं यायचं रे?"

"गाडी बोलवायची. तिचे पैसे लागतात."