बोलण्याचा अधिकार: विद्यार्थ्यांचे पॉडकास्ट आणि शब्दप्रामाण्याचा प्रश्न

विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेले पॉडकास्ट शिकण्याचे साधन म्हणून वर्गात आणावेत की नाही, ही चर्चा बहुधा उपकरणे, वेळ आणि गुण यांच्याभोवतीच फिरते. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र ज्ञानमीमांसेचा आहे: ज्याचे शिकणे अजून चालू आहे, त्याला त्या विषयावर बोलण्याचा अधिकार कोठून मिळतो? इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम म्हणजे पॉडकास्ट. हे नाव २००४ नंतर रूढ झाले असले, तरी ऐकणे, बोलणे आणि जाणणे यांच्या परस्परसंबंधाचा विचार भारतीय दर्शनांनी फार पूर्वीपासून केलेला आहे.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्याने मैत्रेयीला केलेल्या उपदेशातून वेदान्त्यांनी श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तीन पायऱ्या मांडल्या. गुरुमुखातून अर्थ समजून घेणे हे श्रवण, त्या अर्थाविषयीच्या शंका युक्तिवादाने फेडणे हे मनन आणि निश्चित झालेला अर्थ चित्तात स्थिर होईपर्यंत त्याचे सतत चिंतन करणे हे निदिध्यासन होय. नवविधा भक्तीतही श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे असून, समर्थ रामदासांच्या दासबोधातील चौथ्या दशकात हाच क्रम पाळलेला आहे. या दृष्टीने पाहिले, तर नववीच्या मुलाने धडा पुरता पचण्याआधीच मोबाइलसमोर बसून निरूपण करणे हा क्रमभंग ठरतो, आणि हा आक्षेप सहज झटकून टाकता येण्याजोगा नाही.

आक्षेपाचे बळ न्यायदर्शनात अधिक स्पष्ट होते. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानते. त्यांपैकी शब्द हे प्रमाण ठरते ते आप्ताचे वचन असेल तरच. आप्त म्हणजे नातलग नव्हे, तर ज्याने वस्तू स्वतः यथार्थ जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा वक्ता. पाठ्यपुस्तकातील चार वाक्ये पुढेमागे करून वाचणारा विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही, हे उघड आहे. तथापि न्यायभाष्यकार वात्स्यायन याच ठिकाणी असेही स्पष्ट करतात की आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. म्हणजे बोलण्याचा अधिकार जन्मावर किंवा पदावर अवलंबून नसून जाणण्यावर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून आहे.

हा सिद्धान्त परभणी जिल्ह्याच्या भूमीवर तपासून पाहण्याजोगा आहे. गोदावरीकाठचे गंगाखेड हे परंपरेने संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या या स्त्रीने अभंगांत स्वतःची नाममुद्रा, म्हणजे रचनाकर्त्याचे नाव सांगणारी खूण, ठेवली आणि दळणकांडणासारख्या रोजच्या कष्टांना अध्यात्माच्या चर्चेत स्थान मिळवून दिले. शास्त्राध्ययनाचा अधिकार नाकारला गेलेल्या व्यक्तीची वाणी शतकानुशतके प्रमाण मानली गेली, याचे कारण ती ज्याविषयी बोलत होती ते तिने जगून जाणले होते.

समजा, गंगाखेडच्याच एखाद्या शाळेतील विद्यार्थिनींनी जनाबाईंवर दहा मिनिटांचा पॉडकास्ट करायला घेतला. पंखा बंद करून, खिडक्या लावून घेऊन मुद्रित केलेले पहिले वाक्य, जनाबाईंचा जन्म याच गावी झाला, हे वर्गात ऐकवताच मागच्या बाकावरून ‘कशावरून?’ असा प्रश्न आला, तर त्या विद्यार्थिनींना परंपरा काय सांगते, अभंगांतून काय निष्पन्न होते आणि आपण केवळ ऐकीव माहितीवर काय बोललो, हे वेगवेगळे करावे लागते. उत्तरकालीन अद्वैत ग्रंथ ज्याला असंभावना, म्हणजे ‘हे असे असणे शक्य आहे का’ ही शंका, म्हणतात, ती येथे स्वतःच्याच वाक्याविषयी उत्पन्न होते आणि तिचे निरसन करणे हेच मनन होय. त्यामुळे क्रमभंगाचा आक्षेप निम्माच खरा ठरतो: मुद्रणाने वक्त्याला स्वतःचाच श्रोता केले असून, श्रवण येथे बोलण्याच्या आधीही घडते आणि नंतरही.

आप्तत्वाची दुसरी वाट साक्षीतून जाते. बौद्ध सूत्रांच्या प्रारंभी निवेदक आपण हे ऐकलेले आहे असे सांगून आपल्या ज्ञानाचा मार्ग उघड करतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, त्यांतही गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त पाळली गेली. पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या ओव्या त्या संग्रहात आहेत. आजीची ओवी किंवा कापूस वेचणाऱ्या बाईचा अनुभव तिच्या संमतीने मुद्रित करून, हे कोणी व कोठे सांगितले याचा उल्लेख करणारा विद्यार्थी त्या विषयाचा आप्त नसला, तरी आप्तवचनाचा विश्वासू वाहक ठरतो. ‘काय करायलाय’ असे घरी बोलणारे मूल माइकसमोर आले की पुस्तकी भाषा ओढूनताणून आणते; सांगणारीची बोली मात्र त्याने जशीच्या तशी राहू द्यावी, कारण तीही साक्षीचाच भाग आहे.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनावर ठपका ठेवतो की त्याला प्रश्न विचारला असता ते पुन्हा तेच सांगत राहते. मुद्रित ध्वनीलाही हा दोष तंतोतंत लागू पडतो, म्हणून फाइल तयार करून पाठवून दिली की काम संपले, असे मानणारा उपक्रम शिक्षणाच्या दृष्टीने पोकळ होय. ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवले गेले, त्यावर प्रश्न झाले आणि गरजेप्रमाणे ते पुन्हा केले गेले, तरच त्या मुक्या वस्तूमागे उत्तर देणारा वक्ता उभा राहतो.

यावरून मूल्यमापनाची कसोटीही निश्चित होते. आवाजाची फेक, पार्श्वसंगीत किंवा श्रोत्यांची संख्या यांना गुण दिले, तर विद्यार्थी प्रभाव पाडायला शिकतो. याउलट पहिल्या आणि अखेरच्या मुद्रणात कोणती वाक्ये गळली, कोणत्या विधानापुढे त्याचा आधार जोडला गेला आणि खात्री नसलेल्या ठिकाणी तसे स्पष्ट सांगितले गेले का, हे तपासले, तर तो आप्ताच्या व्याख्येतील दोन्ही अटींकडे, जाणण्याकडे आणि जाणले तेवढेच सांगण्याकडे, सरकतो. विद्यार्थ्याला बोलण्याचा अधिकार आधीपासून असतो असेही नाही आणि तो शिक्षण संपल्यावर एकदम बहाल होतो असेही नाही. आपले वाक्य चारचौघांत तपासू देण्याची आणि चुकले तर ते मागे घेण्याची त्याची तयारी जेवढी वाढते, तेवढाच तो अधिकारही वाढत जातो.