दानीएलाचे सोबती

पाठ: दानीएल, अध्याय १ व २



सिंहांच्या गुहेतील दानीएलाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान लेकरांसही ठाऊक आहे. परंतु त्या गुहेच्या पुष्कळ वर्षे आधी दानीएल हा एक विद्यार्थी होता, आणि तोही परमुलखात आणलेला, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमास वेढा घातला व काही तरुण बाबेलास नेले. त्यांस खास्दी लोकांची विद्या व भाषा तीन वर्षे शिकवावी आणि मग आपणापुढे उभे करावे, अशी त्याने आज्ञा केली. हे तरुण कुलीन घरचे होते खरे. तथापि त्या विद्येत त्यांच्या घराण्याचा कोणी वाटाड्या नव्हता. अडले तर बापास विचारावे, अशी सोय त्यांस नव्हती.

बंधूंनो, अशी मुले शोधण्यास आपणांस बाबेलास जावयास नको. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस डोंगरात महादेव कोळी, ठाकर व कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत. तेथे भात, नाचणी व हिरडा ह्यांवर घर चालते. ते न पुरल्यास आईबाप नारायणगावाकडच्या बागायतीत मजुरीस उतरतात. पूर्वेस विघ्नहर व भीमाशंकर ह्या साखर कारखान्यांचे धुराडे पेटले, म्हणजे बीड व अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. ह्या घरांतून पाटी घेऊन निघालेले मूल पुष्कळदा त्याच्या कुळातील पहिलेच अक्षर ओळखणारे असते. ते मागे पडले की लोक म्हणतात, "त्याच्या कुळात विद्या नाही, तर त्याला कोठून येणार?" आम्ही म्हणतो, बुद्धी परमेश्वराने त्यासही दिली आहे, उणी आहे ती सोबत. पवित्र शास्त्रातून हीच गोष्ट आज पाहावयाची आहे.

पहिली गोष्ट ही की, दानीएल परकी भाषा शिकला, परंतु स्वतःस विसरला नाही. बाबेलात त्याचे नाव बदलून बेल्टशस्सर ठेविले. तथापि पवित्र शास्त्र त्यास दानीएल ह्याच नावाने ओळखते. आपल्या वाडीतील मुलाची घरची बोली निराळी व पुस्तकातील मराठी निराळी. कातकरी मुलास तर शाळेची भाषा जवळजवळ परकीच वाटते. ते वर्गात गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यास मंदपणा म्हणतात. उपदेशक बंधूंनो, अशा मुलाच्या शब्दांस हसू नका. त्याच्याच बोलीत त्यास विचारा, आणि मग तोच अर्थ पुस्तकाच्या भाषेत सांगावयास शिकवा. ज्याची बोली हिणवली गेली, ते मूल प्रश्न विचारीत नाही. आणि जे विचारीत नाही, ते शिकत नाही. दानीएलाने राजाच्या अन्नाविषयीची आपली अडचण अधिकाऱ्यापुढे नम्रतेने पण स्पष्ट मांडली. विचारण्याचे हे धैर्य आपल्या लेकरांस आपणच दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट ही की, परमेश्वराने दानीएलासाठी एका परक्या माणसाच्या मनात दया उत्पन्न केली. खोज्यांच्या सरदाराने त्याचे ऐकून घेतले, आणि कारभाऱ्याने दहा दिवस शाकभाजी व पाणी देऊन पाहण्याचे मान्य केले. त्या कारभाऱ्याने विद्या शिकविली नाही. त्याने केवळ थोडी सवलत दिली. परंतु तेवढ्याने चार तरुणांची वाट मोकळी झाली.

ह्याच महाराष्ट्रात असे घडले आहे. जोतीराव फुले ह्यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे, माळ्याचे. पोटापाण्यासाठी पुण्यास आलेले. जोतीरावांस थोडेसे शिकवून वडील गोविंदराव ह्यांनी शाळेतून काढले व मळ्यात कामास लाविले. तेव्हा गफ्फार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या दोघा परिचितांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली मुलगा पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसला. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. दोघांनी केले ते इतकेच की एका बापाशी चार शब्द बोलले. १८४८ साली त्याच जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनी तेव्हाच्या अहमदनगरास मिस फरार ह्यांच्याकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतले. पुढे फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. ज्या समाजास अक्षराची बंदी होती, त्याची एक मुलगी छापील पानावर बोलू लागली! त्या दोघा गृहस्थांनी त्या दिवशी 'दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशास पडावे?' असे म्हटले असते, तर ही साखळी कोठे राहिली असती?

म्हणून प्रत्येक मंडळीने आपल्या गावातील गोविंदरावाकडे जावे. आवणीस हात हवेत, धाकटे भावंड सांभाळावयास कोणी नाही, पोरगी मोठी झाली, ह्या बापाच्या अडचणी खोट्या नाहीत. त्यास दोष देऊ नका; त्याचा भार वाटून घ्या. कामाच्या दिवसांत मुलास आजीपाशी ठेवावयाचे असेल, तर त्याच्या भाकरीची काळजी शेजारच्या चार घरांनी वाहावी. मुलीचे लग्न ठरवू लागले, तर कायदा अठरा वर्षे सांगतो आणि शाळा त्याहून मोठे धन देते, हे आईस समजावून सांगावे.

कोपीतील परगावचे मूल दिसले, तर त्यास जवळच्या शाळेत न्यावे. २००९ सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गात बसण्याचा हक्क दिला आहे. आधीच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला, किंवा वयाचा पुरावा नसला, तरी त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. अडाणी बापास हे ठाऊक नसते. तो दारातून परत फिरतो. त्याच्याबरोबर वाचता येणारा एक माणूस गेला, तर तो परत फिरणार नाही. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयातील वसतिगृहाची चौकशी, ह्या कामांतही असेच करावे. पुष्कळ मुले परीक्षेत नव्हे, कागदांत नापास होतात.

तिसरी गोष्ट ही की, दानीएल एकटा नव्हता. हनन्या, मीशाएल व अजऱ्या हे त्याच्याबरोबर होते. राजाचे स्वप्न सांगावयाचे संकट आले, तेव्हा तो प्रथम घरी गेला, ह्या तिघांस ती गोष्ट कळविली, आणि परमेश्वराच्या दयेसाठी प्रार्थना करण्यास सांगितले. वाडीतील शाळा सोडून मूल आश्रमशाळेत जाते, तेथून जुन्नर, मंचर किंवा घोडेगावास, आणि मग पुण्यास. प्रत्येक पायरीवर ते पुन्हा नवखे होते. म्हणून सांजवेळी प्रार्थनामंदिरात एक तास दिवा लावून सर्व जातींच्या मुलांस एकत्र अभ्यासास बसवा. ज्या आईस वाचता येत नाही, तिने मुलास मोठ्याने वाचावयास सांगून ऐकत बसावे; तिचे ऐकणे हीच त्याची सोबत. जो पुण्यास आधी गेला, त्याने मागून येणाऱ्यास उतरून घ्यावे, खोली दाखवावी व पहिल्या महिन्यात एकटे सोडू नये. कोणी दहावीस अनुत्तीर्ण झाला, तर त्याच्या घरी शोक करावयास नव्हे, फेरपरीक्षेचा अर्ज भरावयास जा.

शेवटी हे पाहा. दानीएल मोठ्या अधिकारास चढल्यावर त्याने राजास विनंती करून आपल्या तिघा सोबत्यांस बाबेल प्रांताच्या कारभारावर नेमविले. विद्येचे फळ एकट्याने खावयाचे नसते. पहिला शिकलेला म्हणजे डोंगर चढून गेलेला माणूस; वर पोहोचल्यावर त्याने खाली दोर सोडावा. आपल्या मंडळीतील शिकलेल्या तरुणांनो, तुमच्या हाती तो दोर आहे काय?

ज्या प्रभूने बालकांस आपणाजवळ येऊ देण्यास सांगितले, तो आपल्या वाड्यांतील प्रत्येक मुलास एक सोबती देवो, आणि ते सोबती होण्याची इच्छा आपणांस देवो. आमेन.