समदृष्टी आणि माप

कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे यज्ञसत्र चालू असता देवशुनी सरमेचा पुत्र तेथे आला. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारून हाकलले. तो रडत मातेकडे गेला. सरमेने भरल्या सत्रात येऊन विचारले, 'याचा अपराध कोणता?' कोणाच्याही मुखातून उत्तर निघाले नाही. महाभारताच्या आरंभीच ही कथा आहे. आणि शेवटाकडे स्वर्गाच्या दारी धर्मराज अडतो, तोही एका श्वानासाठीच.

या दोहोंच्या मध्ये गीता आहे. पाचव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात भगवंतांनी विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान आणि चांडाळ यांची नावे एका ओळीत घेतली आणि या सर्वांच्या ठायी जो सम पाहतो, त्याला पंडित म्हटले. पण सम पाहणे म्हणजे सर्वांना एकाच मापाने मोजणे काय? हत्तीचा चारा श्वानापुढे टाकून समत्व सिद्ध होत नाही. आत्मतत्त्व एक, देह मात्र निराळे. आणि सेवा करावयाची ती देहाच्या द्वारेच.

कुरुक्षेत्रापासून सुमारे १६० किलोमीटरवर दिल्ली आहे. तेथील रस्त्यांवर वाहनाखाली येऊन पाठीचा कणा दुखावलेली, मागचे पाय ओढीत चालणारी कुत्री दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये राजधानी आणि तिच्या भोवतालच्या शहरांतील भटक्या कुत्र्यांचे काय करावे, यावर सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद झाला; ११ तारखेचा आदेश २२ तारखेला बदलण्यात आला. चावा घेतलेल्या बालकाचे दुःख खरेच आहे. ते झाकून करुणेची भाषा बोलणे हा दंभ होय. परंतु जे उठूही शकत नाही, ते त्या वादाच्या कोणत्याही पक्षात बसत नाही.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशा श्वानासाठी दोन चाकांची गाडी करावयास घेतात, तेव्हा या श्लोकाचा अर्थ त्यांना मोजपट्टीने शिकावा लागतो. श्वानाच्या देहाचा अधिक भार, साधारण शंभरात साठ भाग, पुढच्या पायांवर असतो. चाके जरा मागे सरली तर खांद्यांवर ओझे वाढते, पुढे सरली तर पुढचे पाय जमीन सोडू पाहतात. कंबरेची रुंदी, मांडीपासून जमिनीची उंची, छातीचा घेर, यांत थोडी चूक झाली की पट्टा घासतो आणि जखम होते. ज्या कातडीची संवेदनाच गेली आहे, तेथील जखम त्या जीवाला कळतही नाही. कर्मातील कौशल्यास गीता योग म्हणते, ते केवळ चातुर्याला नव्हे.

दिल्लीच्याच आयआयटीत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून अंधांसाठी 'स्मार्टकेन' ही काठी निर्माण झाली आणि २०१४ मध्ये ती लोकांच्या हाती आली. ध्वनिलहरींच्या साहाय्याने ती गुडघ्याच्या वरचे अडथळेही ओळखते. परंतु तिचा उपयोग करणारा मनुष्य 'येथे जड होते, येथे कळत नाही' असे सांगू शकतो. श्वान सांगत नाही. ते केवळ एका बाजूला मान वळवते, वा चार पावले टाकून थांबते. पाहणाऱ्याचे चित्त परीक्षेतील गुणांकडे किंवा छायाचित्राकडे असेल, तर ते थांबणे त्याला दिसणारच नाही.

आणखी एक गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते. अशा गाडीत श्वानाला अंग टाकून निजता येत नाही. काही वेळाने पट्टे सोडावे लागतात. पुष्कळदा मूत्राशयही हाताने दाबून रिकामे करावे लागते. म्हणून गाडी बांधून रस्त्यावर सोडून देणे हे दान नव्हे, संकटात टाकणे होय. प्रकल्पाची मुदत संपते, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात. पट्टे सोडणारा हात मात्र रोजच हवा. तो हात निवाऱ्यातील सेवकाचा आहे की गल्लीतील एखाद्या घराचा, हे पहिली नळी कापण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

आणि कधी असेही होते की, गाडी पुरी होण्याआधीच ते श्वान मरते. माप त्याचे, श्रम त्याच्यासाठी, आणि फळ घेणारा उरलाच नाही. चौकटीचे सांधे मागेपुढे सरकतील असे ठेवले असतील, तर नट सैल करून ती दुसऱ्या देहाला लावता येते. मग पुन्हा मोजपट्टी काढावयाची, पुन्हा कंबरेपासून आरंभ करावयाचा.